कोऱ्या जागेचा खिळा

छापखाना बंद झाला त्या दिवशी बाबांनी घरी दोनच वस्तू आणल्या. जुळणीची लोखंडी स्टिक आणि एक कागदाची पुडी. पुडीत मूठभर शिशाचे तुकडे होते. मी तेव्हा नववीत होते. एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. कशावरच अक्षर नव्हतं. मला वाटलं, घाईत बाबांनी छपाईचे खराब खिळे उचलले. ते म्हणाले, "खराब नाहीत. ही कोरी जागा आहे. दोन शब्दांच्या मध्ये असते ती."

मग त्यांनी स्टिक हातात घेऊन दाखवलं. शब्द जुळवून झाला की नुसती जागा सोडून पुढे जाता येत नाही. जागा मोकळी राहिली तर बाकीचे खिळे तिथे कलंडतात, ओळ ढिली पडते आणि उचलताना सगळी जुळणी हातातून सांडते. म्हणून कोऱ्या जागेलाही खिळा बसवावा लागतो. तो अक्षराच्या खिळ्यापेक्षा उंचीला कमी असतो, त्याला शाई लागत नाही, कागदावर काही उमटत नाही. पातळ असेल तर स्पेस, जाड असेल तर क्वाड. खिळे ठेवायच्या केसमध्ये त्यांचेही वेगळे खण असतात आणि ते भरलेले आहेत ना, हे जुळाऱ्यानं सकाळी बसतानाच पाहायचं असतं. बाबा गुजराती आणि मराठी दोन्ही जुळवायचे. गुजराती हाताला हलकी, कारण तिला शिरोरेघ नाही. मराठीत शब्दाच्या आत केसाएवढी फट राहिली तरी रेघ तुटलेली दिसते, आणि दोन शब्दांमध्ये फट राहिली नाही तर लग्नपत्रिकेतला "चि." नवरदेवाच्या नावालाच चिकटतो. फट कुठे हवी आणि कुठे नको, यात त्यांचं आयुष्य गेलं.

आमचं घर बडोद्याच्या नागरवाड्यात, मांडवीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गायकवाडी नोकरीच्या निमित्तानं बडोद्याला आलेल्या अनेक मराठी घरांपैकी एक. घरात मराठी, दारात गुजराती, हिशेब दोन्हींत. त्याच घरातल्या माडीवरच्या खोलीत बसून गेली अठरा वर्षं मी प्रोग्रॅम लिहिते. त्यातले बरेचसे पावसाच्या आणि नद्यांच्या आकड्यांवर चालतात. माझ्या कामात रोज पहिल्यांदा काय करावं लागतं, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: रिकामी घरं बांधावी लागतात. आकडे येण्याआधी त्यांना बसायला जागा लागते. तिलाच आम्ही अ‍ॅरे म्हणतो.

एका मितीचा अ‍ॅरे म्हणजे एक रांग. दोन मितींचा म्हणजे कोष्टक, रांगा आणि स्तंभ. तीन मिती मला कळल्या त्या पुस्तकातून नव्हे, तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची जी उभारणी सुरू केली, तिचं हे केंद्र. पुस्तकांच्या त्या मजल्यांची जमीन काचेची आहे. उजेड वरून खालपर्यंत उतरावा म्हणून. लहानपणी खालच्या मजल्यावर उभी राहून मी वर चालणाऱ्यांच्या तळव्यांच्या सावल्या बघत असे. पुस्तक शोधायचं तर मजला सांगा, कपाट सांगा, खण सांगा. तीन आकड्यांत एक जागा. कॉलेजात सी भाषेत तीन चौकटी कंस एकापुढे एक लिहायला शिकवलं तेव्हा मला ती काचेची जमीनच डोळ्यांपुढे दिसली. फक्त सी मध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते आणि फोरट्रान भाषेत एकापासून, ही सवय लागायला वेळ गेला.

घरं बांधणं सोपं वाटतं. पण रिकामं घर म्हणजे नक्की काय, या एका गोष्टीवर मी तीनदा अडखळले, आणि तिन्ही वेळी वेगळ्या कारणानं.

पहिली वेळ पायथॉन भाषेची. मला १ जून ते ३० सप्टेंबर अशा पावसाळ्याच्या १२२ दिवसांचं कोष्टक हवं होतं, प्रत्येक दिवसाला २४ तास. मी २४ शून्यांची एक यादी केली आणि तिला १२२ नं गुणलं. पायथॉन हे निमूटपणे करून देतं. पडद्यावर १२२ रांगा दिसल्या, मला आनंद झाला. आकडे भरले. मग जुलैतला कोणताही दिवस काढून पाहिला तरी तेच आकडे. ऑगस्टमध्येही तेच. सगळा पावसाळा जवळजवळ कोरडा. कितीतरी वेळ मी आकड्यांच्या फाइलवरच संशय घेत राहिले. खरं कारण असं की १२२ रांगा मुळी झाल्याच नव्हत्या. रांग एकच होती आणि तिला १२२ दारं होती. कोणत्याही दारानं आत जा, खोली तीच. शेवटी ३० सप्टेंबरनं त्या खोलीत आपलं सामान ठेवलं आणि आधीच्या १२१ दिवसांचं सामान पुसून टाकलं. दर दिवसासाठी नवी रांग नव्यानं बनवायला सांगितलं की काम होतं. एवढ्या लहानशा बदलासाठी माझी दोन दिवसांची झोप गेली. आता नव्या मुलांना शिकवताना मी आधी एका घरात आकडा टाकायला लावते आणि शेजारच्या घरात काय दिसतं ते बघायला सांगते.

दुसरी वेळ नम्पायची. पायथॉनमध्ये मोठ्या मांडणीसाठी आम्ही हेच वापरतो. त्यात "एम्प्टी" नावाची एक सोय आहे. नाव वाचून मला वाटलं, हीच रिकामी घरं. तसं नाही. ती संगणकाकडून फक्त जागा मागून घेते, ती झाडून घेत नाही. आधीच्या कामाचं जे काही तिथे पडलेलं असेल ते तसंच राहतं. छोट्या मांडणीत मला दशांश चिन्हानंतर तीनशेहून अधिक शून्यं आणि मग कुठेतरी एखादा आकडा, असे विचित्र अंक दिसत. मोठी मांडणी केली की मात्र सगळीकडे स्वच्छ शून्य दिसायचं. त्यामुळे मी आणखी गोंधळले. नंतर कळलं की जागा मोठी असली की ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून नव्यानं येते आणि तिथून येणारी जागा पुसलेली असते. लहान असली की प्रोग्रॅम आपल्याच आधी वापरलेल्या जागेतून देतो. म्हणजे मला मिळालेली ती शून्यं ही सोय नव्हती, योगायोग होता. बाबांना मी हे सांगितलं तर त्यांना लगेच कळलं. आधीच्या कामाचे खिळे आपापल्या घरात परत न टाकता केस पुढच्या माणसाच्या हाती दिली तर काय होतं, ते त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. "एम्प्टी" वेगवान आहे आणि प्रत्येक घर आपण लगेच भरणारच असू तर ती योग्यही आहे. मी सगळी घरं भरत नव्हते.

त्यानंतर मी ठरवलं की इथून पुढे घरं नेहमी शून्यानं भरून घ्यायची. नम्पायमध्ये त्यासाठी "झीरोज" आहे. शून्य स्वच्छ, ओळखीचं, कोणाला दुखावत नाही. तिसरी चूक मी या निर्णयातूनच केली, आणि तिचाच मला आजही त्रास होतो.

२०२१ साली शहरातल्या पावसाळी गटारांच्या एका अभ्यासासाठी पावसाचं कोष्टक बांधायचं काम माझ्याकडे आलं. सात पर्जन्यमापक, १२२ दिवस, २४ तास. एका पावसाळ्याला २०,४९६ घरं. २०१० ते २०२० असे अकरा पावसाळे, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर घरं. मी चार मितींचा अ‍ॅरे केला, शून्यानं भरला, मग फाइलींतून एकेक आकडा उचलून आपापल्या जागी ठेवला. शेवटी तासातासाची सरासरी, सगळ्यांत मोठ्या पावसाचे तास, आणि त्यावरून गटाराचा व्यास किती हवा याचं गणित.

कागदावर उतरलेल्या निकालात ३१ जुलै २०१९ चा दिवस होता. शून्यापासून मोजलं तर पावसाळ्यातला साठावा. त्या एका दिवसात बडोद्यात जवळजवळ २० इंच पाऊस झाला होता. मी तो पाऊस पाहिलेला आहे. दुपारनंतर आभाळ इतकं खाली आलं की चार वाजता दिवे लावावे लागले, आणि लावलेले दिवे थोड्या वेळानं गेले. आमच्या गल्लीत पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला लागलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं धान्य आम्ही अंधारात माडीवर चढवलं. फोनमध्ये चार्ज होता तोवर विश्वामित्री नदीतून वस्तीत आलेल्या मगरींची दृश्यं येत होती. रात्री आठला, नऊला मी जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि पत्र्यावरचा आवाज इतका होता की शेजारी बसलेल्या आईशी ओरडून बोलावं लागत होतं.

माझ्या कोष्टकात मात्र त्या रात्री आठ आणि नऊच्या घरांत सरासरी इतकी लहान होती की तो पाऊस नेहमीचाच वाटावा.

मी मूळ फाइली उघडल्या. सातांपैकी तीन पर्जन्यमापकांनी संध्याकाळनंतर काहीच पाठवलं नव्हतं. वीज गेली असेल, फोनची जोडणी तुटली असेल, एखादं पाण्याखालीच गेलं असेल. फाइलीत त्या तासांच्या ओळीच नव्हत्या. ओळ नाही म्हणून माझ्या प्रोग्रॅमनं तिथे काही ठेवलं नाही, आणि आधीपासून तिथे मी ठेवलेलं शून्य तसंच राहिलं. समजा, चार ठिकाणी एका तासात ४० मिलिमीटर पडला आणि तीन ठिकाणी माझं शून्य. तर सातांची सरासरी २३ च्या आत येते. चारांची सरासरी ४० येते. गटार २३ चं बांधायचं की ४० चं, हा फरक. पाऊस सगळ्यांत जास्त असतो तेव्हाच यंत्रं बंद पडतात, म्हणजे माझी चूक नेमकी सगळ्यांत महत्त्वाच्या तासांवर पडत होती. कोरड्या दिवसांत तिचा पत्ताही लागला नसता. आणि मी त्या रात्री जिन्यावर बसले नसते तर मलाही तो आकडा खटकला नसता, हे मी स्वतःपासून लपवू शकत नाही.

अहवाल पुढे गेला नव्हता, हे नशीब. मी फोन करून पंधरा दिवस मागून घेतले.

त्या पंधरा दिवसांत माझा मामा राहायला आला होता. मामानं धुळ्याकडच्या एका तहसील कचेरीत नोकरी केली. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून जिल्ह्याला कळवायचं, हे काम काही वर्षं त्याच्याकडे होतं. (पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ धरतात, मध्यरात्रीपासून नाही, हे न कळल्यामुळेही कितीतरी कोष्टकं एक दिवस मागेपुढे सरकलेली असतात.) मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे दोन वेगळे शब्द होते. पाऊस नसला तर निरंक. अहवालच आला नसला तर अप्राप्त. अप्राप्तच्या जागी निरंक लिहिलं तर साहेब कागद तोंडावर फेकायचे." मग थोडं थांबून म्हणाला, "निरंक लिहायला माणूस तिथपर्यंत जावा लागतो."

हा शब्द मी आयुष्यभर सरकारी कागदांवर वाचला होता. निरंक म्हणजे कोणी तरी गेलं, झाकण काढलं, पाहिलं, आणि आत काही नव्हतं. ती एक नोंद आहे. तिच्याखाली सही असते. माझ्या कोष्टकातल्या शून्यांखाली कोणाचीच सही नव्हती. मी सव्वादोन लाख घरांवर, एकही यंत्र न पाहता, आधीच निरंक लिहून ठेवलं होतं.

संगणकात अप्राप्तसाठीही चिन्ह आहे. दशांश आकड्यांसाठी १९८५ साली ठरलेल्या आयट्रिपलईच्या मानकात "नॅन" नावाचं एक मूल्य आहे; अर्थ, हा अंकच नव्हे. ते मला खूप आवडतं, कारण ते गप्प बसत नाही. नॅनमध्ये काहीही मिळवा, उत्तर नॅन. सरासरीत एक नॅन आला तर अख्खी सरासरी नॅन होते आणि तुम्हाला थांबून विचार करावाच लागतो की ही रिकामी घरं सोडून सरासरी काढायची, की काढायचीच नाही. दोन नॅन एकमेकांच्या बरोबर आहेत का असं विचारलं तर संगणक नाही म्हणतो. एवढंच काय, एक नॅन स्वतःच्याही बरोबर नसतो. हे विचित्र वाटतं, पण दोन न आलेले अहवाल सारखे होते असं आपण तरी कुठे म्हणू शकतो? अडचण एवढीच की पूर्णांकांच्या अ‍ॅरेमध्ये नॅन बसत नाही. म्हणून जुन्या फाइलींत कधीच येऊ न शकणारा एखादा आकडा ठेवलेला असतो.

आपल्या हवामान खात्याच्या दैनंदिन पावसाच्या जाळीत तो आकडा उणे ९९९ आहे. ही जाळी मी शहराबाहेरच्या पावसासाठी वापरते. पाव अंशाच्या अंतरानं १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश, आणि १९०१ पासूनचे दिवस. साध्या वर्षाला ६३,५६,४७५ घरं. चौकोनी जाळीत भारताचा आकार बसवल्यामुळे दोन तृतीयांशाहून जास्त घरं समुद्रात किंवा परदेशात पडतात, आणि तिथे सगळीकडे उणे ९९९ लिहिलेलं आहे. जाळी बनवणाऱ्यांनी तिथे शून्य लिहिलं नाही, याचं महत्त्व मला त्या पंधरा दिवसांत कळलं. शून्य लिहिलं असतं तर अरबी समुद्र वाळवंट झाला असता. याच जाळीत मी एकदा १२९ आणि १३५ ची अदलाबदल केली होती. घरांची एकूण संख्या तीच राहते, त्यामुळे प्रोग्रॅम तक्रार करत नाही. नकाशा काढला तेव्हा देश तिरपा होऊन पट्ट्यापट्ट्यांनी घसरलेला दिसला. तेव्हापासून मी काही मोजण्याआधी नकाशा काढते आणि बडोद्याचं घर शोधते. शून्यापासून मोजलं तर अक्षांशाचं ६३ वं, रेखांशाचं २७ वं. तिथे जुलैत पाऊस दिसला की पुढे जाते.

गटारांचं कोष्टक मी नव्यानं बांधलं. "झीरोज" काढून "फुल" घातलं आणि सगळी घरं नॅननं भरली. नंतर फक्त जिथे यंत्रानं खरोखर शून्य पाठवलं होतं तिथेच शून्य आलं. तरी एक प्रश्न उरला. या पर्जन्यमापकांत फनेलखाली डोलणारी जुळी भांडी असतात. एक भरलं की झुकतं, पाणी सांडतं, दुसरं वर येतं, आणि प्रत्येक झुकण्याची नोंद होते. फनेलमध्ये पान अडकलं तर भांडं झुकतच नाही आणि यंत्र विश्वासानं शून्य लिहितं. त्या शून्यातून अप्राप्त ओळखायला कोणत्याही भाषेत सोय नाही. शेजारची यंत्रं भिजलेली आणि हे एकटं कोरडं, असे तास मी हातानं काढले. एकतीस निघाले. प्रत्येकाची कारणासकट यादी केली आणि अहवालाला जोडली.

बाबांची पुडी माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या दिवसांत त्यातला एक क्वाड मी कीबोर्डच्या बाजूला ठेवला होता आणि तो तिथेच राहिला. नॅननं भरलेलं कोष्टक पाहिलं की मला तोच आठवतो: काही उमटू नये म्हणून मुद्दाम बसवलेला, हातात जड लागणारा तुकडा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा चढली. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर त्या आठवड्याचं कोष्टक मागितलं गेलं. मी काढलेल्या आलेखात एका पर्जन्यमापकाची रेघ संध्याकाळी तुटली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सुरू झाली होती. मध्ये पांढरा कागद. ज्यांच्यासाठी काम होतं त्या इंजिनियरनी फोन केला. "बेन, अहीं मींडुं मूकी दो ने." इथे शून्य टाकून द्या ना, आलेख बरा दिसेल. मी म्हटलं, साहेब, आधी तिथल्या माणसाशी बोलू दे.

तिथे देखरेखीला असलेले भाई यंत्र बंद पडल्यावर जुन्या काचेच्या नळीनं मोजत होते. त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पान भिजून वाळलेलं, शाई पसरलेली, आकडे गुजरातीत. संध्याकाळी सहाचा आकडा होता. नऊचाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा होता. मी या बेरजा वेगळ्या कोष्टकात घेतल्या, कारण त्यांचे तास वेगळे करता येणार नव्हते. नऊच्या खाली त्यांनी बाराची ओळ आखली होती आणि आकड्याच्या जागी लिहिलं होतं, "जवायुं नथी." जाता आलं नाही. त्या घरात मी नॅन टाकला आणि आलेख पुन्हा पाठवला.